जिभेवरचं शेवाळ

शालूच्या पोटात दुखतंय, ती सकाळच्या सहलीहून, उत्तनच्या खडकावरूनच घरी गेली, प्रॅक्टिकलला येणार नाही, एवढं वर्गातल्या रुचिताने प्रयोगशाळेच्या दारातून सांगितलं आणि ती कँटीनच्या दिशेने वळली. त्यात मनावर घेण्यासारखं काही नव्हतं. कॉलेजातल्या मुलींचं पोट दुखतं, मुलांच्या आज्या आजारी पडतात, कुणाच्या तरी चुलतभावाचं लग्न दर महिन्याला निघतं. बुद्धभूषण खिल्लारे याने इतक्या वर्षांच्या मास्तरकीत अशा बातम्यांना 'बरं' एवढंच म्हणायची सवय लावून घेतली होती. आताही तो 'बरं' म्हणाला. डोळा सूक्ष्मदर्शकाच्या नळीला लावलेलाच होता, ओठांवर मघापासूनचं हसू होतं, आणि नळीतल्या उजेडात ती तांबूस फांदी ऐटीत पसरलेली होती. तिच्याकडे बघता बघता त्याला आठवलं की हेच शेवाळ आज सकाळी शालूने खाल्लं आहे. म्हणजे तिने आपण होऊन खाल्लेलं नाही. त्याने तिला खायला लावलं आहे.

पोटात गोळा येतो म्हणतात तो खरोखरचा असतो, हे त्याला त्या क्षणी कळलं. बरगड्यांच्या खाली काहीतरी गच्च आवळलं गेलं आणि आवळलेलंच राहिलं. त्याने नळीवरून डोळा काढला. प्रयोगशाळा होती तशीच होती. पांढऱ्या ट्रेमध्ये, समुद्राच्या पाण्यात, सकाळी गोळा केलेली शेवाळं तरंगत होती. खिडकीबाहेर कुणीतरी विजेच्या खांबाला कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर बांधत होतं. टेबलावर चहाचे दोन रिकामे ग्लास होते. दोन्ही त्यानेच संपवले होते, आणि आनंदाने संपवले होते. तो आनंद आता त्याला आठवेना. आठवायचा म्हटलं की अंगावर शहारा येत होता, कारण त्या आनंदात तो बसला होता तेवढा सगळा वेळ शालूच्या पोटात ते शेवाळ होतं.

खरं तर आजच्यासारखा दिवस शेवाळाच्या अभ्यासकाच्या नशिबी क्वचित येतो. सकाळी उत्तनच्या खडकावर ज्याला त्याने लॉरेन्सिया म्हणून नाव दिलं, ते लॉरेन्सिया नव्हतं. लॉरेन्सियाच्या फांदीच्या टोकाशी सुईने टोचल्यासारखा बारीक खळगा असतो. इथली टोकं निमुळती होती, खळगा कुठेच नव्हता. त्याने पातळ काप काढून पाहिला तर आतल्या पेशी भलत्याच मोठ्या निघाल्या. मग त्याने शेल्फवरची किल्ली काढली. किल्ली म्हणजे या किनाऱ्यावरची शेवाळं ओळखण्याचं जाडजूड पुस्तक: प्रत्येक पायरीला दोन प्रश्न, फांद्या चपट्या की गोल, टोक बोथट की निमुळतं, उत्तर द्या आणि पुढच्या पायरीवर जा. या किल्लीत एक खोट आहे, वापरणाऱ्या सगळ्यांना ती ठाऊक असते आणि सगळेच ती विसरतात. तिच्यात 'यांपैकी कुणीच नाही' असं दार नसतं. तुम्ही परमुलखातलं काहीही घेऊन आत शिरा, ती तुम्हाला दोन-दोन प्रश्न विचारत शेवटी इथल्याच कुठल्यातरी नावापाशी नेऊन सोडते. बुद्धभूषणला हे जरा जास्तच कळत होतं. हिंगोलीकडून मीरा रोडला आला तेव्हा सोसायटीतल्या लोकांनीही त्याला असेच जोडीजोडीने प्रश्न विचारले होते, घाटावरचे की कोकणातले, व्हेज की नॉनव्हेज, आणि त्यांच्या मनातल्या कुठल्यातरी नावापाशी त्याला सोडून ते लिफ्टमध्ये शिरले होते. आज मात्र एका पायरीवर दोन्ही उत्तरं चुकीची ठरली. त्याने कपाटातून आपल्या गुरुजींनी दिलेला जुना शोधनिबंध काढला, पूर्वेकडच्या महासागरातल्या बेटांवरच्या शेवाळांचा. त्यातल्या एका चित्राशी समोरची फांदी तंतोतंत जुळली. ते शेवाळ आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आजवर कुणालाही सापडलेलं नव्हतं. जहाजाच्या तळाला चिकटून आलं असेल, कुठल्या दोराला गुंडाळून आलं असेल, पण आलं होतं आणि रुजलं होतं. पहिली नोंद, आणि नोंदीखाली खिल्लारे हे आडनाव. त्याने चहा मागवला, मोबाइलवर फोटो काढले, पुन्हा चहा मागवला, आणि निबंध चाळत शेवटच्या पानावर आला. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं की या गटातलं शेवाळ खाऊन त्या बेटांवर माणसं दगावली आहेत. आधी तोंडाभोवती बधिरता, पोटात कळा, मग हातापायांना झटके. ही ओळ त्याने वाचली होती. रुचिता दारात यायच्या आधी वाचली होती, आणि पान उलटलं होतं. आनंदात माणूस वाचतो, पण त्याच्या डोक्यात काही शिरत नाही.

आता ती ओळ शिरली आणि बाहेर पडायला तयार होईना. त्याने सकाळ आठवायला सुरुवात केली, एखादी हरवलेली वस्तू आठवावी तशी, मागून पुढे आणि पुढून मागे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा समुद्र भरतीला जितका वर चढतो तितकाच ओहोटीला मागे हटतो, आणि एरवी न दिसणारे खडक पहाटे उघडे पडतात. म्हणून तर वर्गाची सहल उधाणाच्या दिवशीच काढायची. उजाडता उजाडता सगळे पोचले होते. मुलं थंडीने कुडकुडत सेल्फी काढत होती, शेवाळावरून घसरत होती, एकमेकांना धरून हसत होती. बुद्धभूषण गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून पाय चाचपत चालत होता. त्याला पोहता येत नाही. समुद्र त्याने पहिल्यांदा पाहिला तो पदवी झाल्यावर, आणि अजूनही समुद्राकडे पाठ करून उभं राहायला तो धजत नाही. शालू तेवढी अनवाणी चालत होती, घरातल्या फरशीवर चालावं तशी. ती इथलीच, कोळ्यांची. वर्गात मागच्या बाकावर बसायची, विचारलं तरच बोलायची. बाकीचे लांबच्या डबक्यापाशी होते, ही जवळ होती, म्हणून तिला हाक मारली. एवढंच. दुसरी कुणी जवळ असती तर आज दुसऱ्या कुणाचं पोट दुखलं असतं.

चाखून बघायची रीत त्याच्या गुरुजींची. पुस्तक नंतर, आधी दात, असं ते शिकवायचे. लॉरेन्सिया मिऱ्यासारखं तिखट लागतं, दुसरं एक शेवाळ आंबट लागतं, तिसरं नुसतं खारट. जे चार तास सूक्ष्मदर्शकाखाली कळत नाही ते जिभेवर लगेच कळतं. चावा, थांबा, थुंका, हे तीन शब्द. बुद्धभूषणने पिढ्यान्‌पिढ्या पोरांना हे तीन शब्द शिकवले. आज सकाळी त्याने खडकाच्या कपारीतून ते तांबूस शेवाळ उपटलं, एक तुकडा दाताखाली धरला आणि चावत राहिला. चावत राहिला, कारण काहीच लागेना. मग दुसरा तुकडा शालूच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "चावून बघ. तिखट लागतंय का?" तिने हात तोंडाशी नेला, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "हो सर. तिखट आहे." त्याने समाधानाने पिशवीवर नाव लिहिलं. तिला 'थुंक' म्हणायचं राहून गेलं. तीन शब्दांतला तिसरा शब्द तेवढा त्याच्या तोंडातून आला नाही, कारण त्याचं सगळं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे होतं, आणि चेहऱ्याकडे का होतं हे त्याच्याखेरीज जगात कुणालाच माहीत नव्हतं.

त्याला चव नव्हती. साथीच्या वर्षी तो आणि तेजश्री दोघंही फ्लॅटमध्ये तापाने आडवे झाले. बायकोची चव पंधरवड्यात परत आली. पहिल्यांदा तिला चहातलं आलं लागलं तेव्हा ती रडली होती, आणि तिने याला विचारलं होतं, तुम्हाला लागतंय का हो? तिचा तो उजळलेला चेहरा बघून हा म्हणाला, लागतंय की. आज ना उद्या येईलच, तेव्हा खरं होईल, असा हिशेब होता. चव आली नाही. जेवण म्हणजे गरम आणि गार, मऊ आणि कडक, एवढंच उरलं. आमटीत मीठ बरोबर आहे का म्हणून तेजश्री विचारायची तेव्हा हा तिच्या तोंडाकडे बघायचा. तिने कपाळाला आठी घातली असेल तर 'जरा जास्त झालंय' म्हणायचा, नसेल तर 'बरोबर' म्हणायचा. या कामात तो चांगलाच तरबेज झाला. लोकांच्या चेहऱ्यावर चव लिहिलेली असते, वाचायला शिकलं की झालं. रविवारी विहारात पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याच्या ओळीपाशी त्याचा आवाज आपोआप बारीक व्हायचा, पण ओळ लहान होती, पटकन संपायची. कॉलेजात मात्र सांगणं शक्यच नव्हतं. खिल्लारेसरांची जीभ ही तिथे प्रसिद्ध वस्तू होती. दुसऱ्या कॉलेजांतली पोरं पिशव्या घेऊन यायची, सर, चाखून सांगा ना. समुद्रापासून दीडशे कोसांवर जन्मलेल्या माणसाला समुद्राने दिलेली ती एकच पदवी होती. ती गेली असती तर मग तो इथे कोण होता, या प्रश्नाचं उत्तर त्याला कधी सापडलं नव्हतं. म्हणून गेली कित्येक वर्षं तो स्वतःच्या जिभेऐवजी विद्यार्थ्यांची जीभ वापरत होता.

हा विचार इतका स्पष्ट शब्दांत आला की तो खुर्चीवरून उठून उभा राहिला. उठल्यावर काय करायचं ते कळेना. त्याने शालूला फोन लावला. घंटी वाजत राहिली, वाजत राहिली आणि बंद झाली. पुन्हा लावला. फोन न उचलणाऱ्या माणसाचा फोन वाजताना ऐकणं ही फार वाईट गोष्ट आहे. पलीकडे एक खोली दिसायला लागते, खोलीत एक कॉट, कॉटच्या कडेला लटकणारा हात. वर्गाच्या ग्रुपवर त्याने मजकूर लिहिला, आज सकाळचं शेवाळ कुणी खाल्लं असेल तर, आणि पुसला. पुन्हा लिहिला आणि पुन्हा पुसला. प्राचार्यांकडे जावं म्हणून जिन्यापर्यंत गेला आणि परत आला. काय सांगणार? त्याला उत्तनचा किनारा दिसत होता, किनाऱ्यावर जमलेली माणसं दिसत होती, आणि कुणीतरी कुणाला तरी सांगत होतं की पोरीला मास्तराने विष खायला घातलं, कुठला मास्तर, तो घाटावरचा, समुद्रातलं काय कळतं त्याला. मग त्याच्या ध्यानात आलं की मुलगी तिकडे तळमळत असेल आणि आपण आपलं नाव वाचवायला बघतोय. तेव्हा त्याला स्वतःची किळस आली आणि भीतीही आली, आणि त्या दोन्हींनी मिळून त्याला जिन्यावरून खाली ढकललं. निघताना त्याने शेवाळाची पिशवी तेवढी खिशात कोंबली. डॉक्टरला दाखवायला लागेल, असं कुठेतरी वाटलं असावं.

"उत्तन चलो," तो रिक्षावाल्याला म्हणाला, "जल्दी." रिक्षावाल्याने आरशातून एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मीटर टाकलं नाही, आणि बुद्धभूषणही काही बोलला नाही. मुर्धा गाव गेलं, राई गेलं. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना घरं, मग मिठागरांचं पांढरं पाणी, मग खारफुटी. रिक्षाच्या धक्क्यांनी मांडी आपोआप उडत होती. त्याने ती हाताने दाबून धरली, सोडली की पुन्हा उडायची. ओठांना मुंग्या आल्यासारखं वाटत होतं. भीतीने येतात मुंग्या, लहानपणीही यायच्या. आपणही खाल्लं होतं की, असं त्याला मध्येच आठवलं आणि जरा धीर आला: चव शोधता शोधता आपला तुकडा गिळलाच गेला होता, आणि आपण तर ठणठणीत आहोत. म्हणजे तिलाही काही होणार नाही. पण लगेच दुसऱ्या मनाने सांगितलं की ती केवढीशी, वजन किती तिचं, आणि कुणाला बाधेल कुणाला नाही हे त्या बेटांवर तरी कुणाला सांगता आलं होतं? धीर आला तसा गेला. मग तो स्वतःविषयी विचार करायचंच विसरला.

आईची आठवण त्याला मोरव्याच्या अलीकडे आली. कारण काहीच नव्हतं. एका घराच्या ओट्यावर एक बाई तांब्याने पाणी पीत होती. गावाकडे चैत्रात विहीर तळाला जायची तेव्हा सरोजा, त्याची आई, नदीच्या कोरड्या पात्रात झिरा खणायची. वाळूतून पाणी हळूहळू गोळा व्हायचं. कधी गोड लागायचं, कधी मचूळ, आणि एका वर्षी वरच्या अंगाला ढोर मरून पडलं होतं तेव्हा नुसतं विषच. मुलं ओंजळ पुढे करून भोवती बसलेली असायची, जीभ टाळूला चिकटलेली असायची, पण सरोजा कुणाला हात लावू द्यायची नाही. पहिली ओंजळ ती स्वतः प्यायची. मग मांडी घालून गप्प बसायची, आपल्याच पोटात काय होतंय ते ऐकत असल्यासारखी. मुलं रडकुंडीला यायची. बऱ्याच वेळाने ती 'प्या' म्हणायची. एवढ्या वर्षांत बुद्धभूषणला हे कधी आठवलं नव्हतं, आणि आता आठवलं ते अशा वेळी, की त्याला रिक्षातच मान खाली घालावी लागली. आईने आपल्या जिभेने मुलांना राखलं होतं. त्याने आपली जीभ राखण्यासाठी एका मुलीला पुढे केलं होतं.

तेवढ्यात समोरून ॲम्ब्युलन्स आली. उत्तनच्याच बाजूने येत होती, भोंगा वाजवत, आणि अरुंद रस्त्यावर रिक्षाला खेटून पुढे गेली. त्याने डोकं बाहेर काढून मागच्या काचेतून आत पाहायचा प्रयत्न केला. काच दुधी होती, आत एक हात वर धरलेला दिसला, सलाइनची बाटली धरलेला असावा. परत फिरावं का? तिच्या मागे जावं का? की आधी घरी जाऊन खात्री करावी? त्याने रिक्षावाल्याला विचारलं, वो किसकी थी. रिक्षावाला म्हणाला, क्या मालूम साब, इधर से तो रोज जाती है. त्या 'रोज'ने बुद्धभूषणला एवढासा आधार दिला आणि त्याला घट्ट धरून तो पुढे गेला. समुद्राचा वास आला म्हणजे डोंगरी गाव मागे पडलं असं त्याला एके काळी डोळे मिटून कळायचं. आता वासही पुसट झाला होता. समोर निळं काही दिसलं तेव्हा कळलं की पोचलो.

किनाऱ्यावर बायकांचं कोंडाळं बसलं होतं. दहा-बाराजणी, पाठमोऱ्या, मध्यभागी कशावर तरी वाकलेल्या, आणि कुणीच काही बोलत नव्हतं. बुद्धभूषणच्या गावाकडे बायका अशा बसतात त्या एकाच कारणासाठी. त्याचे पाय वाळूत रुतले. रिक्षा थांबवून ठेवायला सांगितलं की नाही हेही त्याला आठवेना. तो चालत होता आणि त्याला चालायचं नव्हतं. तो एक पाऊल टाकत होता आणि मनात म्हणत होता की हे पाऊल आखूड पडू दे, तिथे पोचायला वेळ लागू दे. मग एक बाई बाजूला सरकली आणि मधला ढीग दिसला. बोंबील होते. ओले, गुलबट, पाण्यासारखे झळकणारे बोंबील, आणि बायका दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून बांबूवर टांगायला तयार करत होत्या. कोंडाळ्याच्या पलीकडच्या टोकाला, डोक्याला ओढणी गुंडाळून, कोपरापर्यंत बोंबलांच्या बुळबुळीत पाण्याने माखलेले हात घेऊन, शालू बसली होती.

त्याला बघून ती ताडकन उठली. तिचा चेहरा इतका पांढरा पडला की याला वाटलं, झालं, आता कोसळणार. पण ती कोसळली नाही. हात मागे लपवून ती पुढे आली आणि खाली बघत म्हणाली, "सर, मी खोटं बोलले. पोट न्हाय दुखत माझं. उधाण आलं की म्हावरा जास्त येतो, आईला एकटीला आवरत न्हाय. आता वर्गात काय सांगू, बोंबील सुकवायला चाललेय म्हणून? त्या पोरी नाक धरतात."

दर वर्षी सहल उधाणाच्या पहाटे निघते, आणि त्याच दिवशी हिच्या घरी सगळ्यात जास्त काम असतं, हे बुद्धभूषणच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. शालूची आई बोंबलांच्या ढिगापासून उठून आली होती. "मास्तर, पोरीला बोलू नका," ती म्हणाली. "मीच बोलावली तिला. माझीच चुकी हाय." त्याने मान हलवली. चूक कुणाची हे त्याला त्या बाईला सांगायचं होतं, पण आधी दुसरं विचारायचं होतं. सकाळी मी दिलं ते शेवाळ, त्याने विचारलं, ते किती खाल्लंस तू?

शालूने आईकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. आता दुसऱ्यांदा पकडली गेल्यासारखं तिचं तोंड झालं. "न्हाय खाल्लं, सर. मुठीत धरलं न् खाली सोडलं पाण्यात. खडकावरचं काय पण तोंडात घालत न्हाय आम्ही."

"मग तिखट म्हणालीस."

"तुम्ही विचारताना मान हलवत होतात ना," ती म्हणाली. "मग मला वाटलं, तिखटच असणार."

तो एका उलट्या पडलेल्या टोपलीवर मटकन बसला. अंगातलं सगळं बळ गेलं होतं आणि ते गेल्याचं केवढं सुख होतं. त्याला हसू यायला लागलं. पोरगी जिवंत होती, उन्हात उभी होती, तिचे ओले हात चमकत होते, आणि तिने त्याला फसवलं होतं. तो मान हलवत विचारत होता आणि ती त्याच्या मानेकडे बघून उत्तर देत होती. तो तिच्या चेहऱ्यावर चव वाचत होता आणि ती त्याच्या. दोघांच्या मध्ये ते शेवाळ बापडं कुणाच्याच जिभेला न लागता लॉरेन्सिया होऊन बसलं होतं. हे कधीतरी तेजश्रीला सांगायला हवं, असं त्याच्या मनात आलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते सांगता येईल असं वाटलं. शालूच्या आईने स्टीलच्या पेल्यात पाणी आणून दिलं. त्याने पेला तोंडाला लावला.

"पण सर," शालू म्हणाली, "तुम्ही तर खाल्लंत. मी बघितलं ना. किती वेळ चावत होतात. थुंकलात कुठं तुम्ही?"

तो प्यायचा थांबला नाही. त्याला वाटत होतं की तो पितोय. शर्ट गार लागला म्हणून त्याने खाली पाहिलं तर पाणी हनुवटीवरून गळ्यावर, गळ्यावरून छातीवर ओघळत होतं. पेल्याची कड ओठांना टेकलेली आहे की नाही हे ओठांना कळतच नव्हतं. त्याने बोट लावून पाहिलं. बोटाला ओठ लागला, ओठाला बोट लागलं नाही. पायाखाली आता रिक्षा नव्हती, वाळू होती, स्थिर, आणि मांडी उडत होती. पोटातला तो गोळा मघापासून होता तिथेच होता. ज्या भीतीने तो आला होता, ती भीती तर केव्हाच संपली होती. मग हा कशाचा?

शालूच्या आईने त्याचा चेहरा पाहिला आणि विचारत बसली नाही. बायकांच्या जेवणाच्या डब्यातून तिने चिमूटभर जवळ्याची चटणी आणली, लालभडक, नुसत्या वासाने डोळ्यांत पाणी काढणारी, आणि म्हणाली, मास्तर, जिभेवर धरा जरा, चक्कर असंल तर उतरंल. त्याने चिमूट जिभेवर घेतली. शालू समोर वाळूत उकिडवी बसली होती, त्याच्या तोंडाकडे एकटक बघत होती, आणि तिच्या नकळत तिची मान वर-खाली हलत होती.

"लागतंय का, सर? तिखट लागतंय?"

उत्तर तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं, नेहमीसारखं, मोठ्या अक्षरात. ते वाचायला काहीच कष्ट नव्हते. हो म्हटलं असतं तर ती हसली असती, आईने पेला विसळायला नेला असता, त्या दोघी पुन्हा बोंबलांपाशी गेल्या असत्या. त्याने डोळे मिटले. आई वाळूत बसायची तसा तो बसला, गप्प, आपल्याच आत काय होतंय ते ऐकत, आणि आतून काहीच येत नाही अशी खात्री होईपर्यंत थांबला.

"नाही," तो म्हणाला. शब्द जाड झाला होता, तो त्याने पुन्हा नीट उच्चारला. "नाही, शालू. मला चव लागतच नाही. त्या तापापासून नाही लागत. आणि आता ओठही कळेनासे झालेत. मी ते गिळलंय."

त्याने खिशातली पिशवी काढून तिच्या हातात दिली. तिने पिशवीवरचं नाव वाचलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि नाव चुकलंय हे त्याने सांगायच्या आत ती रस्त्याच्या दिशेने अनवाणी पळत सुटली, हात वर करून, रिक्षा रिक्षा म्हणून ओरडत. तिच्या आईने त्याच्या दंडाला धरून त्याला उठवलं. तिच्या हातांना माशांचा वास येत असणार. त्याने खोल श्वास घेतला, पण त्याला काही कळलं नाही.